शोकाचे साधारणीकरण आणि चिंचखेडीचे नाव

मराठी समीक्षेला शोक हा विषय नवा नाही. करुणरसाची चर्चा तिने संस्कृत साहित्यशास्त्राकडून घेतली, विलापिकेची कल्पना इंग्रजी काव्यपरंपरेतून उचलली आणि या दोहोंच्या आधारे मृत्युविषयक कवितेचा एक सुबक पाठ पदव्युत्तर वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’पासून ‘कोसला’तील (१९६३) मनीच्या मृत्यूपर्यंत या पाठाचा एक ठरलेला मार्ग आहे. त्यात शोक करणारा बहुधा एकटा असतो. मृत्यू घरातला असतो, रोगाचा किंवा दैवाचा असतो. त्या मृत्यूचा कर्ता कोण, हा प्रश्न विचारण्याचे कारणच पडत नाही. असा शोक वाचकाच्या अंतःकरणाला भिडतो आणि तेथेच निवतो. या पाठाची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. मात्र शोकाचे हेच एक साहित्यरूप आहे, असे तो पाठ न बोलता गृहीत धरतो. वादाचा मुद्दा आहे तो हा.

या गृहीतकाची परीक्षा पाहणारी घटना खानदेशातच घडली. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी तत्कालीन धुळे जिल्ह्यात, सातपुड्यातील चिंचखेडी येथे, सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रातील सर्वेक्षणाला आदिवासींनी विरोध केला. त्या वेळी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा ठार झाला. महाराष्ट्रातील तेहतीस गावे या धरणाने बाधित होणार होती. मोर्स समितीने आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, प्रकल्पावर प्रतिकूल अहवाल दिला होता, आणि १९९३च्या मार्चमध्ये जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग भारत सरकारने सोडून दिला होता. बँक गेली, सर्वेक्षण मात्र थांबले नाही. नर्मदा बचाओ आंदोलनातील आदिवासींनी पुढे १९ नोव्हेंबर हा दिवस रेहमलच्या हौतात्म्याचा म्हणून पाळला. नाव, तारीख, जागा आणि गोळी कोणी झाडली याचा उच्चार, या चार गोष्टी त्या शोकात पुन्हा पुन्हा येतात. मराठी समीक्षेने या शोकाला काय मानले? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. जेथे मानले तेथे ‘चळवळीचा कार्यक्रम’.

हे मौन कोठून येते, हे पाहण्यासाठी साहित्यशास्त्राच्या आरंभकथेकडे जावे लागते. क्रौंचाच्या जोडीतील एकाला निषादाने बाण मारला, ते पाहून वाल्मीकीचा शोक उसळला आणि शोकाचा श्लोक झाला. आनंदवर्धनाने या कथेला ‘ध्वन्यालोका’त प्रमाण मानले आणि तेव्हापासून ती काव्योत्पत्तीची कथा म्हणून सांगितली जाते. कथेतील पात्रवाटप लक्षात घेण्यासारखे आहे. शोक करण्याचा अधिकार ऋषीला, शोकाचा विषय होण्याचा मान पक्ष्याला, आणि अरण्यात राहून शिकारीवर पोट भरणाऱ्या निषादाच्या वाट्याला केवळ शाप. निषादाच्या घरी मृत्यू झाला तर कोण रडते, कसे रडते, त्या रडण्याचा छंद कोणता, हे प्रश्न या शास्त्राच्या परिघात येत नाहीत. तो त्यात वधकर्ता म्हणूनच प्रवेश करतो. चिंचखेडीत बाण-बंदुकीची ही वाटणी उलटली. शास्त्र मात्र आपल्या जागेवरून हलले नाही.

याहून गंभीर अडचण साधारणीकरणाच्या सिद्धान्ताची आहे. भट्टनायकापासून चालत आलेला हा विचार असे सांगतो की, लौकिक शोक जोपर्यंत अमुक व्यक्तीचा, अमुक स्थळकाळाचा आहे तोपर्यंत तो केवळ दुःख असतो. व्यक्ती, देश आणि काल यांची बंधने गळून पडली म्हणजे तो आस्वाद्य होतो. चिंचखेडीचा शोक नेमका याच्या विरुद्ध दिशेने चालतो. तो देश आणि काल सोडत नाही, उलट त्यांना घट्ट धरून ठेवतो. त्यातून ‘रेहमल’ हे नाव काढले तर काहीच उरत नाही, कारण ते नाव पुसण्याचीच खटपट दुसऱ्या बाजूने चाललेली असते. गोळीबाराच्या सरकारी भाषेत माणसे नसतात, ‘जमाव’ असतो. जमाव हिंसक होतो, जमाव अनावर होतो, जमावाला पांगवावे लागते. जमावाला वय नसते, आईबाप नसतात. अशा भाषेसमोर एका पंधरा वर्षांच्या मुलाचे पूर्ण नाव, बापाच्या नावासह, दरवर्षी त्याच तारखेला मोठ्याने घेणे ही काव्यपूर्व, कच्च्या भावनेची कृती नव्हे. ती एका भाषेला दुसऱ्या भाषेने दिलेले उत्तर आहे. भाषेच्या अशा वापराकडे पाहणे हेच समीक्षेचे काम म्हणवले जाते.

म्हणजे साधारणीकरण येथे होतच नाही काय? होते, पण वेगळ्या वाटेने. नर्मदा खोऱ्यातील आदिवासींची ‘आमु आखा एक से’ ही घोषणा प्रसिद्ध आहे. आम्ही सगळे एक आहोत, एवढाच तिचा अर्थ. (यातल्या ‘आखा’चा मराठी ‘अख्ख्या’शी असलेला शेजार ध्यानात घेतला, तर ही भाषा मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही.) ‘रेहमल’ हे एकवचन आणि ‘आखा’ हे अनेकवचन एकाच शोकात शेजारी उभे राहतात. नाव गळून पडत नाही, ते अनेकांच्या तोंडी जाते आणि अशा रीतीने सर्वांचे होते. रसचर्चेतील प्रेक्षक विशेषाला ओलांडून सामान्याशी पोचतो, तर येथला शोककर्ता विशेष हाती धरूनच सामान्य घडवतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यसंकल्पनेच्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांचे विवेचन केले आहे. त्या चौकटीतही हा शोक लौकिक ध्रुवाकडे ढकलून मोकळे होता येणार नाही, कारण आवर्तन, संबोधन, समूहस्वर ही त्याची अंगे रूपाचीच अंगे आहेत. पाटणकरांचा द्विध्रुवात्मकतेचा विचार हाताशी असताना मराठी समीक्षा अशा रूपांकडे वळली नाही, याला सिद्धान्ताची उणीव हे कारण देता येत नाही.

दुसरी सबब लोकसाहित्याची. आदिवासींची मृत्युगीते संकलित झाली आहेत, त्यांवर प्रबंध झाले आहेत, मग उपेक्षा कोठे झाली, असे विचारले जाते. या संकलनांची रीत पाहिली की उत्तर मिळते. गीत कोणत्या जमातीचे, कोणत्या विधीच्या वेळी म्हणतात, याची नोंद असते. कोण मेले होते, कोणत्या वर्षी, कशाने, याची बहुधा नसते. विधी सनातन ठरतो आणि मृत्यू निनावी. जंगल खात्याशी, सावकाराशी, पोलिसांशी आलेला संबंध ज्या गीतात उतरला असेल ते ‘अस्सल’ नाही, त्यावर बाहेरचा संस्कार झाला आहे, असे समजून बाजूला ठेवले जाते. म्हणजे आदिवासीला इतिहास नसेल तरच त्याच्या शोकाला लोकसाहित्यात जागा, आणि इतिहास असेल तर लोकसाहित्यातही नाही व साहित्यातही नाही. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी भिल्लांची लढाई झाली, लढाईनंतर कित्येकांना गोळ्या घालण्यात आल्या आणि स्त्रियांना पकडून नेले. त्या स्त्रियांनी कोणासाठी, कोणत्या शब्दांत शोक केला असेल, हा प्रश्न खानदेशच्या वाङ्मयेतिहासाला पडत नाही.

तोंडी रचनेला साहित्य मानण्यात खानदेशला अडचण आहे असेही नाही. असोदे गावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहायला शिकल्या नव्हत्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. बहिणाबाईंच्या वैधव्याच्या दुःखाला मराठीने योग्य तो मान दिला. पण हा मान मिळण्याआधी त्या गाण्यांना काही अटी पुऱ्या कराव्या लागल्या: एक नाव, एक वही, एक पुस्तक, एक प्रस्तावनाकार. तोंडी परंपरा कवयित्रीच्या रूपात आली तेव्हाच ती काव्य ठरली. शोक अनेकांचा आणि अनेक तोंडांचा असेल, मुखपृष्ठावर छापायला नावच नसेल, तर काय करायचे, याचे उत्तर बहिणाबाईंच्या गौरवात सापडत नाही. देशीवादानेही हा प्रश्न फारसा सोडवला नाही. त्याची दृष्टी गावगाड्यावर खिळली होती, आणि पाडा त्या गाड्याच्या बाहेर राहतो.

तिसरी सबब सर्वांत सौम्य आणि म्हणून सर्वांत अवघड. सहानुभूतीदार लेखकांनी आदिवासींच्या दुःखावर लिहिले आहे, त्यांचे ऋण विसरता येत नाही, असे म्हटले जाते. विसरण्याचे कारणही नाही. तथापि वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत जो प्रश्न मांडला तो येथे टाळता येत नाही. ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाचे कवी आणि शहाद्याच्या श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते असलेल्या सोनवणे यांना आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून आदिवासींनाच ऐकवले जाण्याचा विपर्यास दिसला होता. शोकाच्या बाबतीत हा विपर्यास अधिक तीव्र होतो. शोकसभेचा अध्यक्ष कोण, पहिला शब्द कोणाचा, कोणत्या भाषेत, यावरून शोक कोणाचा हे ठरते. पावरी किंवा भिलीत उच्चारलेला शोक मराठी भाषणाच्या आधीची प्रस्तावना म्हणून ऐकला जातो, तोपर्यंत सहभावना कितीही खरी असली तरी मांडणी जुनीच राहते. बाहेरच्याने गप्प बसावे असा याचा अर्थ नाही. त्याने मागच्या ओळीत बसून तो समूहस्वर उचलावा, एवढाच आहे. ‘आखा’ या शब्दात त्याला जागा आहे, पण ती अध्यक्षाची नाही.

प्रचाराचा आक्षेप उरतो. ज्या शोकाला राजकीय मागणी जोडलेली आहे तो कलाव्यवहार नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याकडे पाहावे. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे मारली गेली, बहुतेक पोलिसांच्या गोळीबारात. त्यांचा शोक सार्वजनिक होता, मागणीशी जोडलेला होता, शाहिरांनी मैदानात उभे राहून केलेला होता. त्या काळातील अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी आज मराठी साहित्येतिहासात शिकवली जाते, आणि फ्लोरा फाउंटनच्या हुतात्मा स्मारकावर १ मे रोजी सरकारच पुष्पचक्र वाहते. म्हणजे मागणी पूर्ण होऊन तिचे राज्य झाले की प्रचार साहित्य होतो. नंदुरबारचेच उदाहरण घ्यावे. सप्टेंबर १९४२ मध्ये तेथील मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी मारले गेले. शिरीषकुमारही पंधरा-सोळा वर्षांचाच होता. त्याचे स्मारक शहरात आहे, त्याचे नाव शाळकरी मुलांना पाठ असते, आणि असावेही. रेहमलचे चिंचखेडी तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या ज्या डोंगराळ भागात होते तो भाग १ जुलै १९९८ पासून त्याच नंदुरबारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात आहे. दोन मुलांची वये सारखी, दोघेही पोलिसांच्या गोळीने गेले. फरक गोळी कोणाच्या राज्यात सुटली एवढाच. कोणाचे आयुष्य शोकयोग्य मानले जाते, हा प्रश्न ज्युडिथ बटलर यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या युद्धांच्या संदर्भात विचारला. तो विचारण्याची सामग्री मराठी समीक्षेपाशी त्याआधी दहा वर्षे पडून होती.

चिंचखेडीनंतर सुमारे वर्षभराने, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. गोवारी समाज आजही त्या तारखेला नागपूरच्या स्मारकापाशी जमतो. दोन्ही ठिकाणी शोकाची सूत्रे शोकग्रस्तांच्याच हाती राहिली, हे साम्य आहे. भेद असा की, गोवारींना शहरात एक जागा मिळाली, तर नर्मदाकाठच्या गावांतील जागाच पाण्याखाली जात राहिल्या. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीवर राष्ट्राला अर्पण करण्यात आले. मृतांच्या स्मरणासाठी उभारलेला दगड किंवा खांब बुडाला, तर शोक कोठे उभा राहणार? अशा वेळी तारखेवर जे ओझे येते ते समजून घेण्यासाठी ‘स्मृतिस्थळ’ ही संकल्पना अपुरी पडते.

या शोकाच्या संहितेचे संपादन कोणी करू म्हटले, तर त्याला काही साधे निर्णय घ्यावे लागतील. भिली, पावरी बोलींतील उच्चार देवनागरीत कसे लिहायचे आणि मराठी भाषांतर शेजारी छापायचे की खाली. म्हणणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीने द्यायची की समूहाच्या नावाने. प्रत्येक पाठाला तारीख आणि गाव जोडायचे, आणि गाव बुडाले असेल तर त्याचे जुने नावच ठेवायचे. घोषणा आणि गीत वेगवेगळ्या विभागांत टाकायचे नाहीत, कारण ती म्हणताना वेगळी केली जात नाहीत. आणि प्रस्तावना लिहायला प्रथम कोणाला सांगायचे, हे जळगावात किंवा धुळ्यात बसून न ठरवता धडगावला जाऊन विचारायचे.