काय केलं होतंस गं?

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता, पण लिहू की नको ते ठरत नव्हतं. इथे वाचणाऱ्यांत निम्मे आमचेच नातेवाईक! शेवटी भावजयीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "लिहा ताई, पण तुमचं बी लिहा." म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करते.

माझं माहेर मुरुडचं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. भावाचा मुलगा, आमचा सोन्या, अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळून बघायचा नाही. खेळण्यातला ट्रॅक्टर उलटा करून त्याचं चाक फिरवत तासभर बसायचा. त्या दिवाळीत भावजयीने मला माडीवर नेऊन हळूच विचारलं, "ताई, ह्याचं काही वेगळं वाटतंय का तुम्हाला?" आणि पुण्यात राहणारी, शिकलेली आत्या काय म्हणाली? "अगं, मुलगे उशिराच बोलतात. ह्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?" तिला बरं वाटलं. मलाही वाटलं. त्या एका वाक्यापायी लेकराचं दीड वर्ष गेलं.

मग बाकीच्यांनी आपापली भर घातली. वेखंड उगाळून मधातून चाटव. पोपटाने टोचलेला पेरू खायला दे. जिभेखालची शीर कापून घे. बाहेरचं आहे, अंगारा लाव. कुणी म्हणालं गोवराच्या लशीने झालं, कुणी म्हणालं मोबाईलने. आणि प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला, "काय केलं होतंस गं तेव्हा? ग्रहणात विळी धरली होतीस का?"

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं, की हा प्रश्न फक्त आपल्या ओट्यावरचा नाही. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अशा मुलांचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर तिकडच्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी बोट दाखवलं ते आईकडेच. म्हणे आईच्या मायेत ऊब नाही, ती फ्रिजसारखी थंड! ब्रूनो बेटलहाइमने १९६७ साली याच मताचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने या म्हणण्याला आधार नाही असं पुस्तक लिहून मांडलं होतं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९७७ साली जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि मूळ बरंचसं आनुवंशिकतेत आहे हे दिसलं. आज मानतात ते हेच: पुष्कळशी जनुकं, काही जन्माआधीच्या आणि जन्मावेळच्या गोष्टी. एकच एक कारण नाही.

मग लशीचं काय? १९९८ साली अँड्र्यू वेकफील्डने फक्त १२ मुलांवरून गोवराच्या लशीबद्दल शंका उठवली. २०१० मध्ये तो लेख 'लॅन्सेट'ने मागे घेतला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची नोंद तपासली, लशीचा संबंध आढळला नाही. तरी शंका आपल्या मुरुडपर्यंत पोचलीच! सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदर बायकांना पॅरासिटामॉल घेऊ नका म्हणून सांगितलं. वास्तविक २०२४ मध्येच स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास झाला होता आणि सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर त्या गोळीचा संबंध उरला नव्हता. विळीच्या जागी गोळी आली, प्रश्न तोच. काय केलं होतंस गं?

आता उपायांबद्दल. कुणीतरी भावाला सांगितलं, मोठ्या शहरात एक दवाखाना आहे, तिथे मुलाच्याच हाडातून पेशी काढून परत देतात. खर्च काही लाखांत. भाऊ एक एकर विकायला निघाला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत असे उपचार फक्त रीतसर चाचण्यांपुरते ठेवले आहेत, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही ऑटिझमसाठी स्टेम सेल नको म्हणून सांगितलं. हे त्याला दाखवलं तेव्हा कुठे तो थांबला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणाऱ्याविरुद्ध आपल्याकडे २०१३ पासून कायदा आहे. त्याच वर्षी डॉ. दाभोलकरांनी त्या कामापायी जीव गमावला. पण काचेच्या केबिनमधला माणूस तीच आशा विकतो तेव्हा आपण निमूट पैसे मोजतो.

आणखी एक, गहू बंद करा. अहो, त्यानेच भागलं असतं तर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या मुलखात हा प्रश्न आलाच नसता! मुळात मोजून चार पदार्थ खाणाऱ्या लेकराच्या ताटातून पाचवा काढण्यात काय हशील?

मूल वाढत असतं, हे आपण विसरतो. तिसऱ्या वर्षी न बोलणारं पाचव्या वर्षी दोन शब्द बोललं, की मधल्या काळात जे दिलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो अंगारा असो नाहीतर इंजेक्शन.

पण या आईबापांना हसू नका. डॉक्टर पाच मिनिटांत 'आयुष्यभराचं आहे' म्हणून पुढचा पेशंट बोलावतो. देवऋषी तासभर बसतो, लेकराचं नाव विचारतो. माणूस कुठे जाईल?

सोन्याची तपासणी झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. खरं तर २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि संशय आला तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, दाखला मिळतो. 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. हे सांगणारं आमच्या घरात कुणीच नव्हतं. वेखंड सांगणारे पन्नास!

आता तो सात वर्षांचा आहे. वाचा-उपचार चालू आहेत, आणि खरं काम भावजय घरी करते, चित्रांचे पत्ते घेऊन, रोज, न कंटाळता. पाणी हवं असलं की तो पाण्याचं चित्र आणून हातात देतो. गेल्या महिन्यात त्याने तोंडाने 'भाकर' मागितली. तो ऑटिस्टिक आहे आणि राहणार. पण उपाशी असल्याचं आता सांगू शकतो, हे थोडं नाही. ते दीड वर्ष आधी सुरू झालं असतं तर? या प्रश्नाला मला उत्तर नाही.

असो. काकू, मावशी, तुम्हीही हे वाचाल. या दिवाळीत सगळे जमू तेव्हा तिला तो जुना प्रश्न विचारू नका. "तू दोन तास झोप, सोन्याला मी बघते," एवढंच म्हणा. मीही तेच म्हणणार आहे.