हिशेबाची दुसरी बाजू

जमिनीच्या पोटांत तेल सांपडलें म्हणजे तें सर्व वर येतें, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. नैसर्गिक दाब ओसरल्यावर व मागून पाणी सोडल्यावरहि खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत बरेंच तेल अडकून राहतें. अशा ठिकाणीं कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, मोठ्या दाबानें आंत सोडितात. तो तेलांत मिसळतो. तेल फुगतें, पातळ होतें व विहिरीकडे वाहूं लागतें. टेक्सासमध्यें १९७२ सालीं हें काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालें.

कॅनडांतील वेबर्न येथें २००० सालापासून नॉर्थ डकोटांतील एका कोळशाच्या कारखान्याचा वायु सुमारें ३२० किलोमीटर नळांतून नेण्यांत आला. जो वायु हवेंत जाऊन पृथ्वीची उष्णता वाढविता, तो पुष्कळसा भूगर्भांत कोंडला गेला, ही गोष्ट चांगलीच होय.

परंतु विद्यार्थिमित्रांनो, केवळ जमेची बाजू वाचून वही मिटूं नये. वर आलेलें तेल अखेर जळतें व तोच वायु पुन्हां हवेंत जातो. शिवाय टेक्सासमध्यें वापरलेला बराचसा वायु कोलोरॅडोच्या भूगर्भांतून काढलेला आहे. जो हवेंत नव्हताच, त्यास पुरल्यानें हवा कशी सुधारावी?

म्हणून या युक्तीस कौशल्य म्हणावें. पुण्य म्हणण्याची घाई करूं नये. वायु धुराड्यांतला असेल, तो आंतच राहतो याची तपासणी होत असेल, आणि जळणाऱ्या तेलाचा आंकडाहि मांडला जात असेल, तरच तिची प्रशंसा करावी. अर्धा हिशेब खोटा नसला, तरी तो खराहि नव्हे.