वंशवृक्षाच्या लेकी

या सदराच्या वाचकांना माझी खोड माहीत आहे. विषय कोणताही असो, मी आधी शब्दाच्या मागे लागतो. आज विषय वंशावळीचा, तेव्हा ‘वंश’ या शब्दापासूनच आरंभ करू. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. एका पेरावर दुसरे पेर, दुसऱ्यावर तिसरे, असा सरळ वर जाणारा. बाप, त्याचा मुलगा, मुलाचा मुलगा. घराण्याला ही उपमा ज्याने प्रथम दिली त्याने बांबू पाहिला होता खरा, पण जमिनीच्या वरचाच! कोकणात ज्याच्या परसात बांबू आहे त्याला विचारा. तो सांगेल की बांबू एकटा वाढत नाही, त्याचे बेट होते. मातीखालून तो आडवा सरकतो आणि भलत्याच जागी कोंब काढतो.

हल्ली वंशावळीची विचारपूस फार वाढली आहे. कोणाला ती जातपडताळणीच्या कागदांसाठी हवी असते, कोणाला परदेशातल्या नातवंडांना दाखवण्यासाठी. २०२३ मध्ये जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ज्यांना मोडी वाचता येते अशा म्हाताऱ्यांना एकाएकी चांगले दिवस आले. परंतु आपल्याकडे वंशावळ हौसेपोटी क्वचितच लिहिली गेली. ती लिहिली गेली ती गरजेपोटी. वतनाचा तंटा उभा राहिला की वंशावळ मांडायची. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि तुमचे इनाम कोणत्या आधारावर ते दाखवा म्हणाले, तेव्हा घरोघर पेट्या उघडल्या. वतन आणि इनाम जात असे मुलाकडे, मुलाच्या मुलाकडे. मग कागदावर मुलीचे नाव कशाला येईल? वंशावळीत लेकी नसतात याचे कारण पूर्वजांचा विसरभोळेपणा नव्हे. त्या कागदाचे कामच जमिनीचे होते.

पुढे छापील कुलवृत्तान्त निघाले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही; त्यांच्या संपादकांनी गावोगाव पत्रे धाडून, पदरमोड करून केलेले काम थोर आहे. पुष्कळ कुलवृत्तान्तांत मुलींची नावेही सापडतात, कोणाकडे दिल्या तेही सापडते. पण तिथे रेघ थांबते. मुलगी उंबरठा ओलांडून गेली की तिची मुले त्या पुस्तकाची कोणी नव्हेत.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. सर्वांना ठाऊक असलेल्या घराण्याचे उदाहरण घेतो. श्रीवर्धनच्या भटांचे, म्हणजे पेशव्यांचे. शाळेत पाठ केलेला तक्ता आठवा. बाळाजी विश्वनाथ, थोरले बाजीराव, नानासाहेब, माधवराव, नारायणराव, सवाई माधवराव, आणि रघुनाथरावांच्या शाखेतून दुसरे बाजीराव. १७१३ ते १८१८. तक्त्याप्रमाणे पाहिले तर हे घराणे किती लवकर आटले! विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ १७६१ मध्ये पानिपतावर पडले. माधवराव १७७२ मध्ये निपुत्रिक गेले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. त्यांच्या मागे जन्मलेले सवाई माधवराव १७९५ मध्ये वारले, तेही निपुत्रिक. दुसऱ्या बाजीरावांनी ब्रह्मावर्ती दत्तक घेतले ते धोंडोपंत, म्हणजे १८५७ चे नानासाहेब. तक्ता तिथे संपतो.

आता त्याच कागदावर लेकी मांडून पाहा. बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांना दोन मुलगे, तशा दोन मुलीही होत्या. अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली. पती १७४५ मध्ये वारल्यावर तिने पुढे कित्येक वर्षे त्या संस्थानाचा कारभार पाहिला. (हे घोरपडे मूळचे जोशी! मूळ पुरुष नारो महादेव यांनी आपले धनी संताजी घोरपडे यांचे आडनाव कृतज्ञतेने घेतले. आडनावाच्या भरवशावर वंशावळ शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) दुसरी मुलगी भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांना दिली. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक. मोरोपंत ज्यांच्या आश्रयाला होते तेच हे. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेल्यावर पेशवाई नानासाहेबांना न मिळता आपल्याला मिळावी म्हणून याच बाबूजींनी खटपट केली. इतिहासाच्या पुस्तकात ते नुसते सावकार आणि प्रतिस्पर्धी म्हणून भेटतात. भिऊबाई कागदावर आली की कळते, ही आत्याच्या सासरची माणसे! नानासाहेबांशी उभा दावा मांडणारा मनुष्य त्यांच्या आत्याचा दीर होता. हा तंटा दरबारातला, तितकाच घरातलाही.

तक्त्याने आणखी एक फांदी वगळलेली असते. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर पानिपतावर लढला आणि जखमांनी गेला. त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात बांद्याचा नवाब झाला. १८५७ च्या उठावात बांद्याचे नवाब म्हणून जे अली बहादूर उभे राहिले ते याच रक्ताचे. म्हणजे त्या साली पेशव्यांचा दत्तक मुलगा एकीकडे लढत होता आणि थोरल्या बाजीरावांच्या रक्ताचा वंशज दुसरीकडे. पण शाळेच्या तक्त्यात जागा पहिल्यालाच. दुसऱ्या बाजीरावांची मुलगी बयाबाई ग्वाल्हेरच्या आपट्यांकडे दिली होती. ती विसाव्या शतकातही हयात होती. पेशवाई बुडाली, ब्रह्मावर्तीचा वाडा गेला, नानासाहेब नेपाळच्या रानात नाहीसे झाले, आणि पेशव्यांची लेक ग्वाल्हेरला नांदत होती. तक्ता म्हणतो, वंश खुंटला!

असो. पेशव्यांचे पेशव्यांपाशी. तुमच्या-आमच्या घरी अडचण याहून मोठी असते, कारण अनुबाईचे नाव निदान दप्तरांतून उरले. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहिले की मुलीचे पहिले नाव, बापाचे नाव आणि आडनाव, तिन्ही एका मुहूर्तावर बदलतात. शोधणाऱ्याने शोधायचे तरी कोणाला? आमच्या नात्यातल्या एका वृद्ध मावशीआजींना मी त्यांचे माहेरचे नाव विचारले, तर त्या कितीतरी वेळ हसतच राहिल्या. म्हणाल्या, “अरे, काय करायचंय तुला त्या नावाशी? त्या नावानं हाक मारणारं आता कोण उरलंय?” बऱ्याच आर्जवांनंतर सांगितले. त्यांच्या सख्ख्या मुलालाही ते ठाऊक नव्हते.

गंमत अशी की धर्मकृत्याला हा भेद मान्य नाही. पितृपंधरवड्यात महालय करताना भटजी काय म्हणतात ते कधी लक्ष देऊन ऐका. बाप, आजा, पणजा होतात. आई, आजी, पणजी होतात. मग आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचेही वडील येतात. पुढे आत्या, मावशी, मामा, बहीण, सासरा, सारे येतात. ज्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात केवळ पुरुषांचा वंशवृक्ष चौकटीत टांगलेला आहे, तोच गृहस्थ वर्षातून एकदा दर्भ हातात धरून आईच्या आजोबांना पाणी देतो. निदान नाव आठवले तर देतो.

उलट सरकारी कागदाचे पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाप वारला की तलाठ्याच्या फेरफारात मुलींची नावे वारस म्हणून चढू लागली. वंशावळ जुळवणाऱ्याला हे मोठे घबाड आहे. पण दोन-चार पाने उलटली की पुष्कळदा हक्कसोडपत्र भेटते: अमुक बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला, नावे कमी केली. काही बहिणींची नावे त्या गावच्या दप्तरात एवढ्यापुरतीच आली; चढली ती उतरण्यासाठी. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतका झाला, तरी राखीपौर्णिमेचे नाते राखायचे म्हणून सही करणाऱ्या बहिणी आजही आहेत. ‘राजीखुशी’ या शब्दाविषयी कधीतरी स्वतंत्र लिहीन.

तरीही शोध घेणाऱ्याला वाटा आहेत. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढा; लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाराची नावे आणि साल कोरलेले असते, त्यात आजीचे माहेर हमखास सापडते. जुन्या लग्नपत्रिका आणि जन्मपत्रिका रद्दीत घालू नका. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्यायांची वही उघडायला सांगा, आणि स्वतःची नोंद लिहिताना बायकोचे माहेर व मुलींची नावे आपल्या हाताने लिहा. घरी कराल त्या कागदावर मुलाखाली जितकी जागा ठेवाल तितकीच मुलीखाली ठेवा. कागद अपुरा पडेल, दुसरा जोडावा.

भाऊबीजेला बहिणी येतीलच. फराळ झाल्यावर, ताटे उचलण्यापूर्वी, वही पुढे करा. भाच्या-भाच्यांची पूर्ण नावे, त्यांच्या आजीचे माहेर, सारे विचारून घ्या. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढची बाई असेल तर आधी तिच्यापाशी बसा, बाकीची मंडळी पाडव्यानंतरही सापडतील.