दोन वायरी, एकच खड्डा

पालघर-बोईसरहून मुंबईला अप-डाऊन करणाऱ्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ओव्हरहेड वायर तुटली की लोकल, मेमू, एक्स्प्रेस सगळ्यांची गत एकच. ‘ही गेली तर मागची पकडू’ हे तत्त्वज्ञान अंधेरी-बोरिवलीला ठीक आहे. विरारच्या पुढे मागची गाडीसुद्धा त्याच तुटलेल्या वायरीखाली उभी! अशा दिवशी घरी पोचतो कोण? जो मुकाट्याने स्टेशनबाहेर पडतो आणि हायवे गाठून मनोरमार्गे येतो तो. म्हणजे दुसरी गाडी हा पर्याय नव्हेच. दुसरा रस्ता हा पर्याय.

हे ज्याला कळलं त्याला हॉस्पिटलचं कॉम्प्युटर नेटवर्क कसं असावं, हे निम्मं कळलं. खरंच! उरलेलं निम्मं आज बघू या.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे, बॉस. तुम्ही दिवसभर बीकेसीत एसीची हवा खाताय आणि आई-बाबा पालघरला. बाबांच्या छातीत दुखलं तर पहिली धाव जवळच्या नर्सिंग होमकडे. तिथे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा स्टॉक, कॅशलेसची मंजुरी सगळं कॉम्प्युटरवर. केस हाताबाहेर जातेय असं वाटलं तर मुंबई, वलसाड नाहीतर सिल्वासा. ॲम्ब्युलन्स दारात उभी आहे आणि काउंटरवरून उत्तर येतंय, ‘सिस्टिम डाऊन आहे, थांबा जरा.’ बँकेत हे वाक्य ऐकून आपण चिडतो. हॉस्पिटलात ऐकलं की पोटात गोळा येतो.

समजा, तुमचा शाळासोबती डॉक्टर झालाय आणि बोईसरला तीस खाटांचं हॉस्पिटल काढतोय. तो छाती फुगवून सांगतो, ‘इंटरनेटची दोन कनेक्शन घेतलीत. एक बंद पडलं तर दुसरं हजर!’ त्याला फक्त एक प्रश्न विचारा. दोन्ही वायरी येतात कुठून? बहुतेक वेळा उत्तर असतं: एकाच खांबावरून किंवा रस्त्याकडेच्या एकाच चरातून. आणि आपल्या जिल्ह्यात खोदकामाला तोटा नाही. बुलेट ट्रेन (बोईसरला स्टेशनच आहे), मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण, शिवाय गावोगावचे पाइप आणि गटारं. जेसीबीच्या फावड्याला वायरीवरचं कंपनीचं नाव वाचता येत नाही. बिलं दोन, खड्डा एक.

खरं तर पालघर जिल्ह्याला हे बाहेरून येऊन कुणी सांगायला नको. १९६९ पासून तारापूरला अणुवीज तयार होऊ लागली. अणुभट्टीच्या सुरक्षेचं पहिलंच सूत्र असं: महत्त्वाच्या यंत्रणेला जोडीदार हवा. पण तो जोडीदार वेगळ्या खोलीत, वेगळ्या विजेवर, जमलं तर वेगळ्या जातीचा हवा. नाहीतर काय होतं ते ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाला दिसलं. डिझेल जनरेटर एक नव्हे, चांगले डझनभर होते. पण बहुतेक तळघरांत. त्सुनामीचं पाणी शिरलं आणि जवळजवळ सगळे एकदम गेले. वाचला तो उंचावर ठेवलेला, पाण्याऐवजी हवेवर थंड होणारा एक. त्याच्याच जिवावर पाच आणि सहा नंबरच्या भट्ट्या तगल्या.

तेव्हा डॉक्टरमित्राला सांगा: दुसरं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं घे, इमारतीच्या दुसऱ्या बाजूने आत घे आणि एक फायबर असेल तर दुसरं मोबाइल नेटवर्कवरचं घे. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नकोस, पावसाळा दरवर्षी येतो. रॅक भिंतीला बोल्टने पक्का कर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या लोकांनी भूकंपाचे जे धक्के सोसलेत, ते आठव.

आता विजेचं. ‘जनरेटर आहे ना!’ हे आणखी एक आवडतं वाक्य. जनरेटर भार घेईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या जिन्याखाली टांगलेला छोटा स्विच बंद पडतो, परत सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं घेतो आणि तोवर तो अख्खा मजला आंधळा. सर्व्हरला यूपीएस सगळेच लावतात. या बिचाऱ्या स्विचला कोण लावतो? आणि अर्थिंग नीट नसेल तर वळवाची एक वीज सगळ्या खरेदीची राख करते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, इंटरनेट गेलं म्हणून हॉस्पिटल थांबता कामा नये. लॅबमधून आयसीयूत रिपोर्ट जायला तो आधी सिंगापूरला कशाला जायला हवा? रोजच्या कामाची माहिती इमारतीतल्या सर्व्हरवर हवी आणि तिची प्रत बाहेर. एका एक्स-रेची फाइल दहा-वीस एमबीची, सिटी स्कॅनची तर शेकडो एमबीची. ती इमारतीतल्या इमारतीत फिरली तर क्षणात पोचते.

पण सावधान! जादा वायरी जोडल्या की भरवसा वाढतो, असंही नाही. बोस्टनचं बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर म्हणजे हार्वर्डशी जोडलेलं, कॉम्प्युटर वापरण्यात अमेरिकेत नावाजलेलं हॉस्पिटल. १३ नोव्हेंबर २००२ ला तिथलं नेटवर्क कोसळलं आणि सुमारे चार दिवस धड उभं राहिलं नाही. व्हायरस नाही, हॅकर नाही. स्विचला स्विच जोडत नेटवर्क वर्षानुवर्षं वाढत गेलं होतं. दोन वाटा असल्या की एक मिटून ठेवावी लागते, नाहीतर डेटा गोल गोल फिरत बसतो. कुठली वाट मिटायची हा हिशेब स्विच आपसात करतात. डेटाचा मोठा लोंढा आला आणि तो हिशेबच कोलमडला. मग काय, कागद आणि धावपळ! त्यात गंमत अशी की नव्या डॉक्टरांपैकी अनेकांनी कागदावर औषधं कधी लिहिलीच नव्हती. तिथले आयटीप्रमुख जॉन हालम्का यांनी मात्र काही झाकलं नाही. काय चुकलं ते सगळ्या जगाला सांगितलं. अशी माणसं विरळाच.

म्हणून नेटवर्कचा नकाशा कागदावर काढून भिंतीला लावायचा. कुठल्या वायरीचं टोक कुठे, हे एका माणसाच्या डोक्यात असून चालत नाही. तो माणूस गणपतीत गावी जातो!

शेवटचं कलम कप्प्यांचं. पेशंटच्या नातेवाइकांचं फुकट वाय-फाय, सीसीटीव्ही, बिलिंग आणि आयसीयूतले मॉनिटर हे सगळं एकाच नेटवर्कवर म्हणजे चाळीत एकच कुलूप. एक खोली फुटली की सगळ्या फुटल्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, ओपीडीचं काम हाताने करायची वेळ आली आणि गाडं रुळावर यायला जवळपास दोन आठवडे गेले. नंतर सरकारने संसदेत कारण सांगितलं: नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. कप्पे करणारे स्विच आज छोट्या हॉस्पिटललाही परवडतात. कंटाळा तेवढा सोडावा लागतो. आणि बॅकअपची एक प्रत वायरीपासून तोडून, कपाटात. जे जोडलेलंच नाही, ते चोराला दिसत नाही.

एवढं सगळं करूनही नेटवर्क एक दिवस बंद पडणारच. चांगल्या हॉस्पिटलची ओळख त्या दिवशी पटते. छापील केसपेपरचा गठ्ठा कुठे आहे, नर्सला माहीत आहे का? लॅबमधून रिपोर्ट पळत घेऊन जाणार कोण, हे ठरलंय का? दर तीन महिन्यांनी एखाद्या निवांत दुपारी, सगळ्यांना सांगून, मुख्य कनेक्शन तासभर काढून ठेवायचं आणि काय अडतं ते लिहून काढायचं. खर्च शून्य. आपण ऑफिसात फायर ड्रिलला हसत हसत जिने उतरतो ना, तसंच.

येत्या रविवारी आई-बाबांना चेकअपला न्याल, तेव्हा काउंटरवर सहज विचारून बघा, ‘नेट गेलं तर तुम्ही काय करता हो?’ ‘जातच नाही’ असं उत्तर मिळालं तर थोडी काळजी करा. पण समोरच्या ताईंनी ड्रॉवर उघडून छापील फॉर्मचा गठ्ठा दाखवला, तर खुशाल आत जा. तिथे कुणीतरी विचार केलेला आहे.