नुसता प्राणवायूच नव्हे!

परवा नात मोठमोठ्यानं पाठ करत होती, ‘झाडे आपल्याला प्राणवायू देतात.’ मीही शाळेत हेच घोकलं होतं. खरं आहे, पण अर्धंच. हवेत जवळपास २१ टक्के प्राणवायू आहे. तो कोट्यवधी वर्षांत साठलाय, उद्या-परवा संपणारा नाही. आणि जुनं, दाट जंगल जेवढा प्राणवायू तयार करतं, जवळपास तेवढा तिथंच खर्चीही पडतो. झाडंही श्वास घेतातच, शिवाय खाली पडलेला पालापाचोळा कुजायलाही तो लागतो.

मग जंगल हवंच कशाला? अहो, खरी गोष्ट तर पुढेच आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. झाडानं तो हवेतूनच ओढून घेतलेला असतो. म्हणजे जंगल ही कार्बनची भरलेली कोठीच! झाडं तोडून जाळली, की वर्षानुवर्षांची ही साठवण पुन्हा हवेत. आपल्या दारातलं झाडही हेच करतं. वर पानांवर धूळ अडवतं आणि पानांतून निघणाऱ्या वाफेनं हवा गार ठेवतं.

म्हणूनच ‘एक तोडलं तर पाच लावू’ हा हिशेब मला पटत नाही. आमच्याकडे रस्ता रुंद करताना जुने वड गेले. बदल्यात रोपं लावली. आज बऱ्याच ठिकाणी नुसते पिंजरेच उभे आहेत. रोपं लावावीतच, पण जुन्या वडाची भरपाई एखादं रोप करेपर्यंत माझी नातच आजी होईल!

मैत्रिणींनो, नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५च्या कायद्यानं परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज वृक्ष’ मानलं जातं. झाडावर नोटीस दिसली, तर वाचा. महिला मंडळातर्फे लेखी हरकत घ्या. पोच मागायला विसरू नका.

आणि हो, वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी आणू नका. पूजेसाठी फांद्या तोडायच्या आणि वड वाचवा म्हणायचं, हे कसं जमणार? चार पावलं चालून उभ्या वडापाशीच जाऊ या. कोणता वड अजून उभा आहे, तेही त्या निमित्तानं कळेल.