ऊब हवीच, पण मूठ परत फिरली पाहिजे

विदर्भाची ख्याती उन्हाळ्याची. यवतमाळ म्हटले की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो आणि रणरणते ऊन आठवते. इथे थंडीही कडाक्याची पडते असे सांगितले, तर तो गालातल्या गालात हसतो. अशा पाहुण्याशी वाद घालू नये. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे त्याला मोटारसायकल देऊन पांढरकवड्याच्या रस्त्याला लावून द्यावे. दहा किलोमीटरवर तो स्वतःच चहाची टपरी शोधू लागेल, आणि कप समोर आला तरी त्याची बोटे कपाभोवती वळणार नाहीत.

ही थंडी हौसेने अंगावर घेणारे थोडे. बहुतेकांना ती पोटासाठी घ्यावी लागते. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून निघालेला दूधवाला, पेपरचे गठ्ठे खेडोपाडी पोचवणारा पोरगा, वणीच्या कोळसा खाणीत पहिल्या पाळीला निघालेला कामगार, शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी अंधारातच अपडाऊनला निघालेले गुरुजी आणि बाई. अंगात स्वेटर, त्यावर जर्किन, कानाला मफलर असा सारा बंदोबस्त असतो. हात मात्र वाऱ्याच्या तोंडी असतात.

वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचे हवामानशास्त्रात एक गणित आहे. हवेचे तापमान १० अंश असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल, तर उघड्या कातडीला ते सुमारे साडेपाच अंशांसारखे लागते. बोटे आखडतात, मग बधिर होतात. ब्रेकचा लिव्हर पकडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर या वेगात गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. रस्त्यात आडवी आलेली म्हैस आणि आपण यांच्यामध्ये पुष्कळदा तेवढेच अंतर असते.

चैन की गरज?

यावर एक उपाय आता आपल्या गॅरेजांपर्यंत पोचला आहे. तो म्हणजे विजेवर गरम होणाऱ्या मुठी. थंड मुलखातल्या मोठ्या मोटारसायकलींना त्या कारखान्यातूनच लागून येतात. लडाखच्या सफरी करणाऱ्या हौशी मंडळींनी त्या आपल्याकडे रुळवल्या आणि आता घरबसल्या मागवता येतात. रबरी ग्रिपच्या पोटात तापणारी तार असते, हँडलवर एक बटन बसते आणि बॅटरीवरून वीज मिळते. एवढाच सारा कारभार.

यावर दोन मते हमखास ऐकू येतात. ज्येष्ठ म्हणतात, “आम्ही राजदूत आणि येझदीवर हयात काढली, ही कसली थेरं?” तरुण म्हणतात, “काका, बटन दाबलं की झालं!” मला दोन्ही मते अपुरी वाटतात. ज्येष्ठांनी थंडी सोसली हे खरे, पण सोसणे हा काही वाहतुकीचा नियम नव्हे. ज्या हाताने ब्रेक दाबायचा तो हात जिवंत असावा, ही गरज आहे. आणि तरुणांचे “झालं” तर त्याहून घाईचे आहे, कारण या दोन मुठींपैकी उजवी मूठ नुसती मूठ नसते.

उजव्या मुठीत काय आहे?

डाव्या हाताची ग्रिप सरळ हँडलच्या लोखंडी नळीवर चढते. उजवी ग्रिप चढते ती अ‍ॅक्सिलरेटरच्या पाइपवर. आपण रेस देतो तेव्हा हा पाइप फिरतो, केबल ओढली जाते आणि इंजिनाकडे जाणाऱ्या हवेचा मार्ग उघडतो. हात सैल सोडला की स्प्रिंग तो मार्ग बंद करते आणि मूठ मागे फिरते. मोठ्या गाड्यांना बहुधा मूठ मागे ओढणारी दुसरी केबलही असते. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाडीत सहसा एकच केबल असते आणि सगळी भिस्त त्या एका स्प्रिंगवर असते.

गरम ग्रिप बसवताना नेमकी या स्प्रिंगच्या वाटेत विघ्ने येतात. मूळ पाइपवर उंचवटे असतात. ते घासून गुळगुळीत केल्याशिवाय नवी ग्रिप नीट बसत नाही आणि फुगून राहते. ग्रिप आत जास्त सरकली तर स्विचच्या डबीला घासते, बाहेर सरकली तर हँडलच्या टोकावरच्या वजनाला अडते. चिकटवण्याचा गोंद पाइपच्या आत ओघळला तर पाइप हँडललाच धरून बसतो. शिवाय या मुठीतून वायर निघते आणि ती मुठीबरोबर फिरते. तिला ढील कमी ठेवली तर ती मूठ ओढून धरते, जास्त ठेवली तर ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकते.

त्यात आपल्याकडे पुष्कळ गाड्यांचा मूळ पाइप आधीच गेलेला असतो. गाडी एकदा पडली, पाइप तडकला, की कंपनीच्या मालाऐवजी हाती येईल तो बसवला जातो. त्याची जाडी कुठे कमी, कुठे जास्त. हौशी पोरे तर “क्वार्टर थ्रॉटल” बसवून घेतात. त्यात केबल गुंडाळणारी चकती मोठी असते, त्यामुळे थोडी मूठ फिरवली तरी पुष्कळ रेस मिळते. शर्यतीच्या मैदानात त्याला अर्थ आहे. दारव्ह्याच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, जाड हातमोजे घातलेल्या हातात, तोच भाग गाडीला धक्के देतो. काही पाइप अ‍ॅल्युमिनियमचे असतात. प्लॅस्टिक उष्णता अडवते, अ‍ॅल्युमिनियम ती पिऊन टाकते. मग “मूठ गरमच होत नाही” म्हणून गिऱ्हाईक भांडायला येते. डावी मूठ उजवीपेक्षा थंड लागते त्याचेही कारण हेच, ती थेट लोखंडावर बसलेली असते. एक भाग एका दुकानाचा, दुसरा दुसऱ्या, आणि दोघांची सोयरीक जुळवायची मिस्त्रीने!

विजेचा हिशेबही असाच. दोन मुठी मिळून साधारण साडेतीन अँपिअर वीज ओढतात. म्हणजे १२ व्होल्टवर ४० वॉटच्या वर, साध्या गाडीच्या ३५ वॉटच्या हेडलाइटपेक्षा जास्त. बॅटरी मात्र तीन-चार अँपिअर-अवरची. इंजिन बंद ठेवून मुठी तापवत बसले तर तासाभरात ती बसलीच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, म्हणजे पेट्रोलच्या पंपालाही वीज हवी. म्हणून जोडणी स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमधून, चावी बंद की बंद होणारी अशीच हवी. हॉर्नची वायर सोलून तिच्यात पिळ घालणे ही जोडणी नव्हे. आणि लहान गाडीला हा बोजा पेलणार नसेल तर मिस्त्रीने तसे तोंडावर सांगावे. हँडलवर बसणारे जाड कव्हर आणि चांगले हातमोजे हा स्वस्त उपाय आहे, आणि त्याला वीज लागत नाही. मात्र तेही मुठीत किंवा लिव्हरमध्ये अडकत नाही ना, हे पाहावे लागतेच.

तपासणार कोण?

कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. पण या कायद्याचा रोख गाडीचा मूळ ढाचा बदलण्यावर आहे. ग्रिपच्या खाली गोंद ओघळला की नाही, हे पाहायला कुठला अधिकारी येणार? खासगी दुचाकीची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षे चालते. मधल्या काळात धुराचा दाखला तेवढा मागितला जातो. म्हणजे उजव्या मुठीची तपासणी करणारे या देशात दोनच जण उरतात, मिस्त्री आणि मालक.

आणि या दोघांच्या हातात आपण काय देतो? डबीत घडी घातलेला एक कागद, बारीक अक्षरातला, इंग्रजीत. दिग्रस-उमरखेडच्या गॅरेजमध्ये दहावीनंतर हाताला काम म्हणून आलेला मुलगा इंजिन डोळे मिटून उघडतो, पण तो कागद तो वाचत नाही. त्याचे ज्ञान उस्तादाकडून आलेले, आणि उस्तादाच्या काळात मुठीतून वायर निघत नव्हती. या मुलाला “जुगाडू” म्हणून हिणवणे सोपे आहे. माझा प्रश्न माल विकणाऱ्यांना आहे. पैसे मराठी माणसाचे चालतात, मग सूचना मराठीत का चालत नाहीत? दहा ओळी आणि चार चित्रे पुरतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीही बाहेरचे भाग बसवण्याची पद्धत गॅरेजवाल्या मुलांना रविवारी दोन तास बोलावून शिकवावी. खर्च फार नाही, जीव पुष्कळ वाचतील.

तोवर एका जुन्या मिस्त्रींची रीत मला अनुकरणीय वाटते. मुठीचे कुठलेही काम झाले की ते गिऱ्हाइकाला गाडीवर बसवतात आणि म्हणतात, “भाऊ, पूर्ण पिरगाळा अन् सोडून द्या. आवाज आयका.” इंजिन बंद. हँडल सरळ, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. तिन्ही वेळा मूठ आपणहून “टक” करून परत आली पाहिजे. मग इंजिन सुरू करून हँडल दोन्हीकडे वळवायचे. रेस आपोआप वाढली तर कुठेतरी केबल किंवा वायर ओढली जाते आहे. पाच मिनिटांचे काम. तरीही रस्त्यात कधी मूठ अडकलीच, तर आधी क्लच दाबायचा, मग बटन किंवा चावी बंद करायची आणि ब्रेक लावत गाडी कडेला घ्यायची. हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवावे.

गरम मुठी बसवाव्यात की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. माझ्या मते पहाटे चाळीस-चाळीस किलोमीटर गाडी हाकणाऱ्याने त्या बसवल्या तर त्याला कुणी नावे ठेवू नयेत. पण बिल चुकते करण्यापूर्वी त्याने मूठ पिरगाळून सोडावी. ती परत फिरली नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि मिस्त्रीला पुन्हा पाना हाती घ्यायला सांगावे. त्यात संकोच कसला? घरी कुणीतरी त्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेले असते.