आधी आईबापांची शिकवणी घ्या

'आम्ही तुला काय कमी केलंय?' दहावी-बारावीच्या पोराचं तोंड बंद करायला एवढं वाक्य पुरतं. मूल जेवत नाही, रात्र-रात्र जागतं, मित्रांना टाळतं आणि घरचे म्हणतात, थेरं आहेत, मोबाइल काढून घ्या. याला मी शिस्त म्हणत नाही आणि मायाही म्हणत नाही. हे निव्वळ अज्ञान आहे आणि ते मुलांच्या जिवावर उठलं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते.

आणि आपण करतो काय? मुलाला समुपदेशकासमोर बसवतो, 'याला जरा समजवा' म्हणतो आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहतो. तासाभराने मूल परत त्याच घरात जातं, जिथे मावसभावाचे टक्के त्याच्या ताटात वाढले जातात. म्हणून मी म्हणतो, बाकावरच्या दोघांना आधी आत घ्या.

पालकांसाठी नियमित जागृती-कार्यक्रम घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांना बजावलं आहे. त्यावर हारतुरे, एक भाषण आणि ग्रुप फोटो उरकणार असाल, तर ती मुलांशी केलेली दगाबाजी आहे. पालकांकडून सराव करून घ्या. मूल 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर उपदेश न करता ऐकायचं कसं? 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारायचं कसं? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा घातक गैरसमज आहे. विचारल्यामुळे मूल बोलतं होऊ शकतं. धोका दिसला तर त्याला एकटं सोडायचं नाही, औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवायची, डॉक्टर गाठायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक घरात पाठ हवा.

'आम्हाला वेळ नाही' हे कारण मला सांगू नका. क्लासच्या फीसाठी कर्ज काढता, पोरासाठी लातूरला खोली घेऊन राहता, मग शिकायला चार रविवार मिळत नाहीत? शाळांनो, प्रवेशाच्या वेळी फीची पावती बघता, तशी या प्रशिक्षणाची हजेरीही बघा. आणि त्या हजेरीपटावर बापाचीही सही असलीच पाहिजे. आईला एकटीला पाठवून मोकळं होणं आता बंद करा.